खाटेले पुसत जाय

कापसाच्या गंजीजवळ विस्तव चालत नाही, म्हणून त्या रात्री आम्ही पोरं अंधारातच बसलो होतो. भातकुलीच्या वेशीबाहेर शेषराव पाटलांचं खळं होतं. सकाळी बैलबंड्या भरायच्या होत्या आणि राखणीला सूर्यभान आबाजी होते. थंडी चांगलीच पडली होती. कुणी घोंगडी आणली होती, कुणी आईचं जुनं लुगडं पांघरून आलं होतं. आबाजींचा चेहरा दिसत नव्हता. नुसता आवाज यायचा, आणि मधूनमधून तंबाखू मळल्याचा वास.

"आबाजी, भुताची सांगा."

"भुताची नाई सांगत. खुशालची सांगतो. खुशाल माह्यासंगं बंडी हाके. त्यानं सोता सांगतलं मले, अन तो काई खोटं बोलनारा मानूस नाई."

"मंग भूत नाई त्याच्यात?"

"ते तूच ठरव. अन भेव लागत असन त आताच घरी जाय. मंग मी पोचवाले येनार नाई."

कुणी उठलं नाही. आबाजींनी तंबाखू तोंडात टाकली आणि सांगायला लागले.

गोष्ट चार वर्षांपूर्वीची, शके सतराशे शहाऐंशीची. समुद्रापलीकडच्या कुठल्या मुलखात लढाई पेटली होती, तिथला कापूस बंद पडला होता आणि आपल्या कापसासाठी व्यापारी कंदील घेऊन गावोगाव फिरत होते. सरकी काढायच्या चरख्या दिवसरात्र चालायच्या. लांबलांबून माणसं कामाला आली होती. खुशालराव आणि त्याची बायको जमुना हिवरखेडहून आलेली. तो बंडी हाकायचा, ती चरखीवर बसायची. एका पहाटे झोपेच्या भरात तिचा डावा हात चरखीच्या दोन फिरत्या रुळांमध्ये गेला.

भातकुलीहून अमरावतीच्या वाटेवर अर्ध्या कोसावर एका शेटजीनं धर्मार्थ दवाखाना बांधला होता. तिथले डॉक्टर गयासुद्दीन. हैदराबादला शिकलेले, तरुण, कामाला वाघ. त्यांनी जमुनाची दोन बोटं काढली आणि तिला बायांच्या खोलीत ठेवलं. खोलीत चारच खाटा. पहिलीवर खातूनबी, म्हातारी, तिचा पाय भाजलेला. दुसरीवर वच्छला, सोळा वर्षांची, बंडीचं चाक पायावरून गेलेली. तिसरीवर मूर्तिजापूरची दुर्गाबाई. चौथीवर जमुना.

पौष वद्य सप्तमीला खुशाल रिकामी बंडी घेऊन अकोल्याला निघाला. काम साधं होतं. अकोल्याच्या पारशी दुकानातून विलायती चुन्याचं एक लहान पिंप आणायचं. हा चुना भिंतीला लावायचा नव्हे. झाकण काढलं की नाकाला झोंबायचं, म्हणून लोक त्याला वासाचा चुना म्हणत. दवाखान्यातला संपला होता.

"पहा खुशाल," डॉक्टर म्हणाले, "ये बाया जखमेनं नहीं मरत. आधीच्या बाईची घाण खाटेवर राहते. डोळ्याले दिसत नाही, पर राहते. चुन्याच्या पाण्यानं धुतली तरच जाते. दो महिन्यात पाच बाया गेल्या माझ्या. तू जल्दी ये."

खुशाल जमुनाजवळ गेला.

"जाऊन येतो. अकोल्याहून काई आनू तुले? आंगठी आनू?"

"आंगठी घालाले बोट कुठं ठेवलं त्या डाक्टरनं," जमुना म्हणाली. मग हसली. मग तोंड फिरवून म्हणाली, "तुमी या. तेवढंच आना."

तो बाहेर पडत होता, तेवढ्यात डॉक्टर खोलीत आले आणि त्यांनी सहज दुसऱ्या खाटेच्या कडेवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. त्यांनी खाटेचा पाय पाहिला, खाली वाकून दोऱ्या पाहिल्या. रक्ताचे जुने डाग तसेच.

"गंगूबाई!"

गंगूबाई म्हणजे दवाखान्यातली बाई. भुई धुणं, पट्ट्या उकळणं, दूध देणं, सगळं तीच करायची. एकटी होती. पोरंबाळं जगली नव्हती. खोलीची भुई तिनं अशी धुतलेली असायची की तिथं भाकर ठेवून खावी.

"गंगूबाई, चुना होता तेव्हा तुमाले सांगितलं होतं ना? भुई धुवा, और रात्री दिवा लागल्यावर हर खाटेले पुसत जा, एक भी सोडू नका?"

"हो साहेब. पुसल्याबिगर झोपली नाई मी एक दिस."

"क्या पुसलं? हे पहा!"

"आता काय काय सांगू," गंगूबाई म्हणाली. "एकेकीपाशी बसतो अन पुसतो. कसं वाटते माय, दुखते का, तान लागली का, पानी देऊ का. कपायावर हात ठेवतो. पट्टी घट्ट झाली असन त सैल करतो. रडत असन त डोये पुसतो पदरानं. मंग दुसरीपाशी जातो. खातूनबी म्हने, गंगूबाई, तू आली का अर्धं दुखनं जाते."

आबाजी थांबले.

"समजलं का पोट्टेहो?"

समजलं होतं. आम्ही माना हलवल्या, पण अंधारात त्या आबाजींना दिसल्या नसाव्यात.

"आपल्याकडं 'खाट पुस' म्हनलं त फडकं घेते मानूस. 'खाटेले पुस' म्हनलं त इचारते. डाक्टरची बोली हैदराबादची. तिकडं 'खाट को पोंछो' म्हनते, त इकडं 'खाटेले पुस' म्हनलं त्यानं. अन दवाखान्यात बाईले बाईच्या नावानं कोनी बोलवतच नोयतं. पह्यल्या खाटेले दूध दे, तिसऱ्या खाटेले दवाई दे. गंगूबाईले वाटलं, खाटेले पुस म्हंजे त्या बाईले पुस. एवढंच झालं. एवढंच."

डॉक्टर तिच्याकडे पाहत राहिले. तिचे हात पाहत राहिले. या जखमेवरून त्या जखमेवर, या कपाळावरून त्या कपाळावर, दोन महिने फिरलेले हात. खुशाल दारात उभा होता, त्यानं हे पाहिलं. त्याला तेव्हा काही कळलं नाही. डॉक्टर इतके गप्प का झाले, तेवढंच त्याच्या मनात आलं.

"काहून साहेब? माहं काई चुकलं का?"

डॉक्टरांनी काळं झालेलं बोट रुमालाला पुसलं.

"नाही, माय," ते म्हणाले. "तुमचं काही चुकलं नाही. फक्त आजपासून रात्रीचं काम मी करतो. तुमी आराम करा."

गंगूबाईचं तोंड एवढंसं झालं. खुशालला वाईट वाटलं. एकट्या बाईजवळ तेवढंच होतं, रात्री चार जणींना पुसायचं, तेही काढून घेतलं. असं वाटत वाटतच तो बंडीवर चढला.

जाताना सगळं नीट झालं. मूर्तिजापूरला एक रात्र काढली, अकोल्याला पिंप मिळालं, बैलांना एक दिवस विसावा दिला आणि तो परत फिरला. वाटेत सगळीकडे कापसाच्या बंड्याच बंड्या. बाभळींना कापूस अडकलेला. पिंप हलू नये म्हणून त्यानं भोवती कडबा लावला होता. दर कोसाला वळून पाहायचा. त्याच्या मनात एकच होतं, हे तिथं पोचलं की जमुना वाचली.

पौष वद्य त्रयोदशी, बुधवार. दिवेलागण होऊन गेल्यावर त्याची बंडी दवाखान्याशी लागली.

डॉक्टर ओट्यावर बसले होते. पिंपाकडे त्यांनी नुसतं पाहिलं.

"जमुना?" खुशालनं विचारलं.

"आहे. अंग थोडं गरम आहे दुपारपासून."

"अन बाकीच्या?"

"गंगूबाई गेली. परवा, एकादशीले. हाताले कुठं तरी चीर होती, तिले ताप चढला. चार दिवसात गेली. तापात पण मले पुसत होती. साहेब, आज खाटांले कोनी पुसलं का? एकही सोडू नका म्हनलं होतं तुमी... आणि आज सकाळी वच्छला गेली."

खुशाल खाली बसला. मग डॉक्टरांनी त्याला सगळं सांगितलं. तो शब्द कसा चुकला ते. हे त्यांनी दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं.

"मी तिले खरं सांगितलं नाही, खुशाल. कसं सांगू? तिनं प्रेमानं केलं सगळं. म्हटलं, कशाले सांगायचं. आता ती गेली, तिले माहीतच नाही. अच्छाच झालं."

खुशाल पिंपाभोवतीचा कडबा काढायला लागला.

"एक गोष्ट और," डॉक्टर हळूच म्हणाले. "वच्छला मरायच्या आधी बोलली. म्हणे, रात्री गंगूबाई आली होती. पुसून गेली. मी सांगितलं, तान लागली... तापात माणूस काहीही बोलतो."

"हो."

"हो."

खुशालला तेव्हाच चुना कालवून खाटा धुवायच्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बंद खोलीत वास बायांना सोसायचा नाही. सकाळी खाटा उन्हात काढू, कडा, पाय, दोऱ्या, सगळं धुऊ. एक रात्र फक्त. ते दोन रात्री झोपले नव्हते. आपल्या खोलीत गेले आणि पडल्या पडल्या झोपले.

खुशाल बायांच्या खोलीच्या उंबऱ्यावर बसला. आत कोनाड्यात दिवा होता. चौथी खाट भिंतीकडं, सगळ्यात लांब. जमुना झोपली होती, पट्टी बांधलेला हात छातीवर. दुसरी खाट रिकामी.

दूरवर चरख्या चालल्याचा आवाज येत होता. मग तोही थांबला. त्रयोदशीची रात्र, चंद्र पहाटेपर्यंत उगवायचा नव्हता.

मध्यरात्र उलटून गेली असेल. खुशालची मान खाली पडली होती. त्याला आवाज आला.

"कसं वाटते, माय?"

त्यानं डोळे उघडले. दिवा जळत होता. खोलीत कोणी नव्हतं.

पहिल्या खाटेवर खातूनबी झोपेतच बोलली, "पाय ठनकते."

"ठनकनारच. पट्टी घट्ट झाली का?"

"हो."

खातूनबीच्या पायाची पट्टी हलली. एक वेढा सैल झाला. मग दुसरा.

खुशालला उठायचं होतं. पाय उचलेनात. ओरडायचं होतं. आवाज निघेना. 'बरं हाय' म्हन, खातूनबी... जाय म्हन तिले... त्याच्या मनातच राहिलं.

"येतो मंग. झोप तू."

पावलं वाजली नाहीत. पण दुसऱ्या खाटेच्या दोऱ्या करकरल्या. कोणी कडेवर बसल्यावर करकरतात तशा.

खाट रिकामी होती.

"कसं वाटते, माय?"

कोणी बोललं नाही.

"वच्छे... तान लागली का?"

कोणी बोललं नाही. बराच वेळ. मग तोच आवाज, हळू, लाडानं...

"बरं बरं. झोपली वाटते पोरगी."

दोऱ्या पुन्हा करकरल्या. सुटल्या.

"आबाजी..." आमच्यातली एक पोरगी म्हणाली. पुढं काही म्हणाली नाही. आबाजी तिच्यासाठी थांबले नाहीत.

तिसरी खाट.

दुर्गाबाई उताणी झोपलेली. तिच्या कपाळावरचे केस मागं सरले. कोणी हातानं सारल्यासारखे.

"कसं..."

आणि त्याच्यानंतर चौथी खाट. जमुना.

"गंगूबाई," खुशाल म्हणाला.

आवाज थांबला.

खुशालला वाटलं होतं, नाव घेतलं की जाईल. गेली नाही. खोलीत ती होती. वाट पाहत होती. बोलावलं तर काम असेल, असं.

"गंगूबाई... नोको पुसू तिले."

"काहून रे बापू?" अगदी जवळून. "साहेबानं सांगतलं ना. एकही सोडू नोको म्हने."

खुशालनं जमुनाकडे पाहिलं. तिच्या अंगात कणकण होती. एवढीच. अजून एवढीच होती.

त्याला डॉक्टरांचं बोलणं आठवलं. तिले माहीतच नाही, अच्छाच झालं.

"साहेबानं..." खुशाल म्हणाला. "साहेबानं फडक्यानं पुसाले सांगतलं होतं, माय."

शांतता.

"खाट पुसाची होती. चुन्याच्या पान्यानं. मानसाले नाई पुसाचं होतं... त्याची बोली तशी हाय. तुले समजलं नाई."

शांतता.

"ते दुखनं... खाटेले होतं. जखमेले होतं. तुह्या हातानं गेलं. एकीचं दुसरीले... तू कपायावर हात ठेवे ना. पट्टी सोडे ना. तसं गेलं."

दुर्गाबाईच्या कपाळावरचे केस पुढं पडले. हात काढून घेतल्यासारखे.

"वच्छला?"

एवढं एकच. ते पुसणं पहिल्यासारखं नव्हतं. याला उत्तर पाहिजे होतं.

खुशालनं दुसऱ्या, रिकाम्या खाटेकडं पाहिलं.

"वच्छला, बापू?"

"हो," खुशाल म्हणाला.

मग काहीच नाही. दिवा तसाच. खुशालला वाटलं, संपलं. तेवढ्यात चौथ्या खाटेकडून थंडी आली... वारा नव्हता, नुसती थंडी. ती तिथं उभी होती. खाटेवर बसली नाही. दोऱ्या करकरल्या नाहीत. काही पुसलं नाही. हात लावला नाही.

उभी राहिली.

किती वेळ, ते खुशालला सांगता आलं नाही. त्यानं डोळे मिटून घेतले होते. भातकुलीत कोंबडा आरवला तेव्हा त्यानं ते उघडले.

सकाळी त्यांनी खाटा अंगणात काढल्या. डॉक्टरांनी चुना कालवला आणि खुशालनं बाह्या वर करून एकेक खाट धुतली. कडा, पाय, दोरीची एकेक गाठ. हाताची सालं निघाली तरी थांबला नाही. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हेच केलं. डॉक्टरही प्रत्येक बाईला हात लावायच्या आधी चुन्याच्या पाण्यात हात बुडवायचे.

खातूनबी शनिवारी गेली. दुर्गाबाई राहिली. जमुनाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला, हात भरून आला आणि माघ संपता संपता ती हिवरखेडला परत गेली. आजही आहे. आठ बोटांनी चुलीवर भाकरी थापते.

डॉक्टरांनी त्यानंतर दवाखान्यात कुणालाही तोंडानं काम सांगितलं नाही. फडकं हातात द्यायचे, त्याच्या हातावर आपला हात ठेवायचे आणि खाटेवरून फिरवून दाखवायचे. खुशालनं त्यांना रात्रीचं सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मग एवढंच म्हणाले, "ते मी सांगायला पाहिजे होतं. ती जिवंत होती तेव्हा. तिचा हात धरून."

"मग जमुनाकाकी वाचली, हे चांगलंच झालं ना?" आमच्यातल्या कुणी तरी विचारलं.

"चांगलं झालं," आबाजी म्हणाले. "खुशाल पन तेच म्हने. चांगलं झालं. अन मंग रडे. म्हने सूर्यभान, मेलेल्या बाईले म्या पुन्हा मारलं. तिले काई माईत नोयतं. सुखानं हिंडून राह्यली होती बिचारी. म्या माह्या बायकोसाठी तिले ते सांगतलं. जल्मभर नाई सांगतलं कोनी, अन म्या ती मेल्यावर सांगतलं..."

अंधारात त्यांनी पुन्हा तंबाखू मळायला घेतली. आम्हाला वाटलं, गोष्ट संपली. एक-दोघं उठायलाही लागले.

"त्या सकाळी खाटा बाहेर काढल्या ना," आबाजी म्हणाले, "तवा गवळ्याचं वासरू खोलीत शिरलं. हाकललं त जाईना. चौथ्या खाटेच्या पायथ्याशी भुई चाटून राह्यलं होतं. खुशालनं वाकून पाह्यलं. भुई वली होती. दोन पावलं मावतील एवढीच जागा. दुपारी वायली, त पांढरी झाली. मीठ."

"आपल्याकडं मीठ फुटतेच की, आबाजी. पानीच खारं हाय."

"फुटते. भिंतीले फुटते, विहिरीच्या काठाले फुटते. मले नोको शिकवू. डाक्टरनं ते भुई खोदून काढली. नवी माती टाकली, चोपली. आठ दिसात पुन्हा फुटलं. तेवढंच. तिथंच."

"अन आता?"

"आता डाक्टर गेले हैदराबादले, दवाखाना बंद हाय. दाराचं कवाड बी नेलं कोनी तरी. मांगल्या महिन्यात मी त्या वाटेनं आलो, सांज होती. म्हनलं पाहावं. आत गेलो." आबाजींनी तंबाखू थुंकली. "खोलीत काईच नाई. चार भिंती. अन चौथ्या खाटेच्या जागी एक वासरू मान खाली घालून उभं... कोनाचं होतं कोन जाने... चाटून राह्यलं होतं."